गाळणीतून सुटलेलं नाव

माईक बंद पडला, की पाडळवेढ्यातल्या सगळ्या माना स्वप्नाली आवळेकडे वळत. 'आवळे साउंड सर्व्हिस' तिची, म्हणजे दोषही तिचाच. त्या दिवशीही तसंच झालं. तिच्या नवऱ्याला जाऊन वर्ष झालं म्हणून तालीम मंडळाने सभा ठेवली होती. अध्यक्ष उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "आपला जिवाभावाचा मित्र..." पुढे नुसतेच ओठ हलले. कर्ण्यातून ब्र निघाला नाही. मग एकदम खणखणीत आवाज आला, "...याला मंडळातर्फे भावपूर्ण श्रद्धांजली!"

"वायर लूज हाय बघ," मागून कुणीतरी म्हणालं.

स्वप्नालीलाही आधी वायरच आठवली. धंद्याची खोड ती, मेल्याशिवाय जात नाही. धावत जाऊन तिने पिन काढली, फुंकली, पुन्हा खोचली. "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग." आवाज स्वच्छ. मग तिने सावकाश म्हटलं, "सुहास आवळे." कर्णा मुका. "माईक टेस्टिंग." स्वच्छ. "सुहास आवळे." मुका.

तेव्हा तिला कळलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. वायरला काही झालेलं नव्हतं. तिच्या नवऱ्याचं नाव गाळणीत अडकलं होतं.

गाळणीचं सरकारी नाव चांगलं लांबलचक होतं, पण लोकांनी पहिल्याच आठवड्यात तिचं बारसं उरकून टाकलं. तळहाताएवढी डबी. ठरावीक ताकदीच्या वरच्या प्रत्येक स्पीकरमध्ये ती बसवून, सील ठोकून घेणं सक्तीचं. माईकमधून आलेला आवाज ती थेट पुढे सोडत नसे. क्षणभर धरून ठेवी, त्यातले शब्द ओळखी, मनाई असलेल्या शब्दांशी ताडून पाही आणि सापडला की तेवढीच जागा कोरी करून बाकीचं पुढे पाठवी. बाजारात नव्याने येणाऱ्या आवाजाच्या प्रत्येक चिपमध्येच ती आता घडवून येत होती. सुरुवातीला स्वप्नालीनेच तिचं कौतुक केलं होतं. वरातीतली घाणेरडी गाणी बंद झाली, भाषणांतल्या आया-बहिणी वाचल्या, वाईट काय त्यात? पण आधी शिव्या गेल्या, मग अफवा गेल्या, आणि मग ज्याचा वकील भारी त्याला नको असलेली नावं जायला लागली.

सुहास दीप्तिरंग केमिकल्समध्ये ऑपरेटर होता. तिथली धोक्याची घंटा सारखी वाजायची, वाजली की काम थांबायचं, आणि काम थांबलेलं वरच्या साहेबांना खपायचं नाही. म्हणून घंटा बंद ठेवायचा तोंडी हुकूम होता. टाकीतला दाब चढला त्या दिवशी घंटा गप्पच राहिली. सुहासने आरडाओरडा करून अख्खी पाळी बाहेर काढली, व्हॉल्व्ह फिरवायला तो परत आत गेला आणि बाहेर आला नाही. कंपनीने जाहीर केलं, कामगाराच्या हलगर्जीपणामुळे अपघात. प्रकरण कोर्टात गेलं. निकाल लागेपर्यंत अपघाताच्या संदर्भात हे नाव जाहीरपणे घेऊ नये, असा हुकूम कंपनीने मिळवला. आता संदर्भ वगैरे माणसाला कळतो, डबीला काय कळणार? तिने नावच गिळायला सुरुवात केली.

"तोंडानं सांगा की वहिनी," सभेनंतर घरी आल्यावर मयूर म्हणाला. मयूर तिचा धाकटा दीर. भाऊ गेल्यावर कंपनीने त्याला कायमची नोकरी दिली होती, आणि ती कशाच्या बदल्यात हे न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं. "तोंडाला कुठं गाळणी हाय?"

"वर्षभर तोंडानंच सांगतेय भावजी. गिरणीत सांगितलं, दवाखान्यात सांगितलं. बायका अरेरे म्हणतात, डोळ्याला पदर लावतात आणि घरला जातात. एकेकट्यानं ऐकलं की ती कुजबुज होते. सगळ्यांनी एका जागी, एका वेळी ऐकलं, की मग कुणाला 'मला काय म्हाईत' म्हणता येत न्हाई."

"आणि माझी नोकरी?"

चुलीपाशी सासू भाकरी भाजत होती. ती भाकरीवरची नजर न काढता म्हणाली, "एक गेला. दुसऱ्याच्या ताटातली भाकर तुझ्या हातानं काढू नगंस, पोरी."

हे बोल स्वप्नालीला लागले. सासू तिच्यावर रागावली असती तर परवडलं असतं. पण म्हातारी घाबरली होती, आणि ज्या घरात माणूस मेला तिथल्याच लोकांनी घाबरून राहायचं, या न्यायाची स्वप्नालीला मनस्वी चीड आली. ती उठली आणि गोदामात गेली.

गोदामात तिच्या सासऱ्यांच्या काळातलं एक इको मशीन धूळ खात पडलं होतं. ऑर्केस्ट्राचा निवेदक 'रसिकहो' म्हणाला, की 'हो, हो, हो' करत आवाज गावभर घुमवायचं, तेच. त्याच्या पोटात जुन्या पद्धतीची चिप होती. आग लागल्यावर माणसं रांगेत उभी राहून हातोहात बादल्या पुढे देतात, तशी ती चिप आवाजाचा एकेक थेंब एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात ढकलते. कधी ढकलायचं ते एक घड्याळ सांगतं. घड्याळ संथ केलं की आवाज उशिरा बाहेर पडतो, जलद केलं की लवकर. तिला शब्द कळत नाहीत आणि कुणाचे हुकूमही कळत नाहीत. स्वप्नालीने मशीनवरची धूळ पदराने पुसली.

तिच्या डोक्यात जे शिजत होतं ते असं. कुंपणाच्या फटींतून पळणारी म्हैस आपल्याला तुकड्यातुकड्यांनी दिसते. पण आपण 'तुकडे गेले' म्हणत नाही, म्हैस गेली म्हणतो. कानाचंही तसंच असतं. बोलण्याचे बारीक तुकडे केले आणि मधल्या जागा कोऱ्या ठेवल्या तर कान ठेचकाळतो. पण त्याच जागांत मोठा गोंगाट भरला, तर कान समजतो की बोलणं गोंगाटामागे चालूच आहे, आणि मधलं स्वतःच जुळवून घेतो. माणसाचा मेंदू जन्मभर बाजारात, लग्नात, कारखान्यात असंच ऐकत आलेला असतो. गाळणीला अख्खे शब्द ऐकायची सवय. तिला हे जमत नाही.

शिवाय मैदानात स्पीकर दोन असतात, आणि प्रत्येकाची गाळणी वेगळी. स्वप्नालीने एका पेटीत आवाजासाठी दोन दारं केली, एक उघडलं की दुसरं बंद होईल अशी. आवाजाचा एक तुकडा डाव्या स्पीकरला, पुढचा उजव्याला, त्यापुढचा पुन्हा डाव्याला. कुठल्याही गाळणीच्या वाट्याला निम्मंच बोलणं येणार, तेही मोडकं. जोडणी व्हायची ती बाहेर, हवेत आणि लोकांच्या कानांत. दोन गाळण्यांपैकी एक जुनी होती, ती आवाज थोडा जास्त वेळ अडवून ठेवायची. म्हणून दुसऱ्या बाजूला इको मशीनची चिप घातली आणि घड्याळाचा खटका फिरवत दोन्ही बाजू एकमेकींशी जुळवल्या. त्यात तिची बोटं भाजली, दोन आयसी चिप्स जळाल्या, आणि एकदा तर तिचाच आवाज तिला उलट्या क्रमाने ऐकू आला. पण हट्टाला पेटलेल्या बाईला सोल्डरिंगचा चटका म्हणजे काय मोठंसं.

राहिला गोंगाट. तो हवा होता तालात, नाहीतर तुकडे भलत्याच जागी पडायचे. आवळ्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या हलगी होती आणि मयूरसारखा हात पंचक्रोशीत कुणाचा नव्हता. गाणाऱ्या ग्रीटिंग कार्डात असते तसली पितळी चकती हलगीच्या कड्याला चिकटवली, की प्रत्येक ठोका तारेतून पेटीत जाई. पेटी त्या ठोक्याचे आणखी बारीक भाग करी आणि त्या तालावर दारं उघडझाप करी. हलगी थांबली तर दोन्ही दारं सताड उघडी, आणि आवाज अख्खाच्या अख्खा गाळणीच्या तोंडी.

म्हणजे सगळं येऊन अडलं ते मयूरवर.

कंपनीचा वर्धापनदिन जवळ आला होता. कामगारांच्या बायकांसाठी पैठणीचा खेळ ठेवला होता, त्यात उखाणे, त्यात हलगी. साउंड आवळ्यांचा, कारण गावात दुसरा नव्हताच. स्वप्नालीने मयूरला पेटी दाखवली आणि सगळं सांगितलं.

"मला जमायचं न्हाई," तो म्हणाला. "कंपनीनं वाजवाय सांगितलंय म्हणून मी वाजवणार. तुमच्यासाठी न्हाई."

"बरं. चकती मी हलगीला लावून ठेवलीय. नको असली तर उपसून काढा. मी काय बोलायची न्हाई."

तो हलगी उचलून निघून गेला.

रविवारी दुपारी मैदान फुलून गेलं. मंडप, फुगे, स्टेजवर काचेच्या पेटीत मोरपंखी पैठणी. स्वप्नाली मिक्सरपाशी बसली होती. आदल्या दिवशी रिकाम्या मैदानात टेपवरची हलगी पेटीला जोडून, बरोबर मध्ये उभं राहून तिने सगळं तपासून घेतलं होतं, आवाज कसा चपखल जुळला होता. आता तिने मान वर करून समोर पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

गावाची रीत ती विसरलीच होती. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, आणि मध्ये पाहुण्यांसाठी लाल जाजम अंथरलेली मोकळी वाट. दोन्ही स्पीकरचे तुकडे जुळत होते ते नेमके त्या वाटेवर. बायकांना डावे तुकडे, पुरुषांना उजवे. आणि जाजमाच्या टोकाला, सोफ्यावर, कार्मिक अधिकारी निंबाळकर साहेब. मैदानात एकट्या त्यांनाच सगळं स्वच्छ ऐकू येणार होतं! एवढी वर्षं बाया इकडे, बापे तिकडे असे स्पीकर लावले, आणि ऐन वेळी तेच तिच्या डोक्यातून गेलं. खटका फिरवून आवाज बायकांच्या बाजूला सरकवता आला असता. पण उजवीकडे त्या पाळीतली माणसं बसली होती, सुहासने बाहेर काढलेली, तेव्हापासून मान खाली घालून चालणारी. त्यांनी ऐकल्याशिवाय हे सगळं फुकट होतं.

खेळ रंगात आला. बायकांनी चांदीच्या ताटापासून चांदोबापर्यंत सगळं उखाण्यांत घालून झालं. निवेदक ओरडला, "आणखी कोण नाव घेणार? लाजू नका!"

"मी घेते," स्वप्नाली म्हणाली आणि मिक्सर सोडून उठली.

मैदानात एकदम कुजबुज उठली. विधवा बाई उखाणा घेते म्हणजे काय? हळदीकुंकवाला जिला कुणी बोलावत नाही, तिने पैठणीच्या खेळात नवऱ्याचं नाव घ्यायचं? निवेदकाने गोंधळून सोफ्याकडे पाहिलं. निंबाळकर साहेब उदारपणे हसले. "घेऊ दे, घेऊ दे. मशीन आहे की," ते म्हणाले. गाळणीवर त्यांचा देवापेक्षा जास्त भरवसा होता.

स्वप्नाली माईक घेऊन लाल जाजमावर उतरली.

"लांबनं नाव घेऊन काय उपयोग? नाव घ्यायचं ते गोतावळ्यात. या मधे. बायकांनो, उठा. आणि पुरुषमंडळींनी बी या. वर्षभर तोंड चुकवताय माझं, आज तरी जवळ या."

कुणी हलेना. मग बायकांमधून एक उठली, मागोमाग तिची जाऊ, मग एकदम घोळकाच. उजवीकडून एक खुर्ची करकरली. त्या पाळीतला एक जण उभा राहिला, शेजारच्याच्या दंडाला धरून त्यालाही उठवलं. बघता बघता जाजम दिसेनासं झालं. बाया-बापे खांद्याला खांदा लावून उभे. पाडळवेढ्यात असं कुठल्या सभेत घडलं नव्हतं.

स्वप्नालीने मयूरकडे पाहिलं. हलगी त्याच्या गळ्यात होती, टिपऱ्या हातात, आणि चकती अजून जागेवर होती. पण हात खाली होते.

"भावजी," ती माईकमध्ये म्हणाली, "वाजवा."

मयूरने सोफ्याकडे पाहिलं. मग पहिल्या रांगेत एकटीच बसून राहिलेल्या आईकडे पाहिलं. म्हातारीने मान वर केली नाही. त्याचा चेहरा रडवेला झाला, मग लाल झाला. वर्षभर कारखान्याच्या फाटकातून आत जाताना गिळलेलं सगळं त्याच्या मनगटात उतरलं आणि हलगी कडाडली.

स्वप्नालीने तोंड उघडलं.

"धोक्याची घंटा बंद ठेवा, होतं साहेबांचं फर्मान,
अख्खी पाळी वाचवून गेले,
सुहासरावांचं नाव घेते, राखते त्यांचाच मान!"

दोन्ही बाजूंच्या रिकाम्या खुर्च्यांवर नुसता फाटका, थरथरता आवाज आदळला. मध्ये उभ्या असलेल्यांना मात्र शब्द न् शब्द ऐकू आला. ठोक्यांच्या आतून येणारा, अंगावर काटा आणणारा. वर्षभरात पहिल्यांदा ते नाव कर्ण्यातून आलं होतं. एक बाई मोठ्याने रडू लागली. खुर्चीवरून पहिला उठलेला तो कामगार मान ताठ करून सरळ सोफ्याकडे बघत उभा राहिला.

निंबाळकर साहेब ताडकन उठले. "अडवा! अडवलं का नाही?"

गाळणीवर लक्ष ठेवायला कंपनीने नेमलेला माणूस स्क्रीन उलटसुलट करून पाहत होता. "साहेब, दिवा हिरवाच आहे. मशीन म्हणतंय, नुसती हलगी वाजतेय."

"पुन्हा घेते!" स्वप्नाली ओरडली, आणि मयूरने लय वाढवली. तिने दुसऱ्यांदा नाव घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. चौथ्यांदा घेत असताना कुणीतरी जनरेटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. ती बाकावर बसली होती, समोर निंबाळकर साहेब. अंमलदार बाई तक्रार लिहून घेत होत्या. दारात, व्हरांड्यात माणसं जमली होती. हलगीची पेटी टेबलावर ठेवलेली.

"गाळणीच्या रेकॉर्डमध्ये आक्षेपार्ह काहीच नाही, साहेब," अंमलदार बाई म्हणाल्या. "मी ऐकलं दोन्हीकडचं. तुमच्याच मशीनचा दाखला आहे. मग या काय बोलल्या ते तुम्ही सांगा."

"यांनी... एका मयत कामगाराचं नाव घेतलं."

"कुठल्या?"

साहेबांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सुहास आवळे."

"मोठ्यानं सांगा. पुढं?"

"पुढं कंपनीची बदनामी केली."

"शब्द सांगा, साहेब. शब्दांशिवाय बदनामी कशी लिहू?"

निंबाळकर साहेबांच्या कपाळावर घाम आला. "ती घंटा... काहीतरी... घंटा बंद होती, असं."

"बंद होती न्हवं साहेब!" दारातून एक बाई म्हणाली. "बंद ठेवा, असं फर्मान होतं."

"कुणाचं ते राहिलं की," दुसरी म्हणाली.

उखाण्याचं असंच असतं. एकदा ऐकला की बाईच्या ओठावरून तो उतरत नाही. व्हरांड्यात कुणीतरी सुरुवात केली आणि सगळ्या बायकांनी तो अख्खा म्हणून दाखवला, फर्मानापासून मानापर्यंत. त्यांत पुरुषांचेही आवाज होते. त्या पाळीतले होते. एक जण पुढे येऊन म्हणाला, "बाई, मी तिथं कामाला होतो. हुकूम माझ्यासमोर दिलेला. लिहून घ्या." त्याच्या मागून मयूर आत आला. आजही त्याच्या अंगावर कारखान्याचा गणवेश होता, पण गळ्यातलं ओळखपत्र त्याने काढून हातात धरलं होतं. ते त्याने साहेबांसमोर टेबलावर ठेवलं. "वाजवणारा मी," तो म्हणाला.

स्वप्नालीला त्याच्याकडे बघवेना. या एका वाक्याची किंमत घराला केवढी मोजावी लागणार हे तिला कळत होतं. तरीही तिला वाईट वाटलं नाही. अभिमान वाटला, आणि तो लपवावा असंही वाटलं नाही.

अंमलदार बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, इथं तर सगळेच तेच बोलायला लागलेत. मी आरोपी म्हणून नाव कुणाचं लिहू?"

गर्दी हलली. माणसांना कोपराने बाजूला सारत म्हातारी आत आली. पदर डोक्यावरून घसरला होता, तो तिने सावरला नाही. सुनेच्या बाकापर्यंत येऊन ती थांबली, स्वप्नालीच्या खांद्यावर हात ठेवला आणि टेबलाकडे वळली.

"माझ्यापासनं सुरू कर, बाई," ती म्हणाली. "सुहासची आई. लिही."

स्वप्नालीने सरकून बाकावर तिच्यासाठी जागा केली.